न मागितलेली शेंगोळी

संकल्पाचं पाणी ताम्हनात सोडून झाल्यावर दमयंतीबाईंच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. पण सोडलेलं पाणी परत पळीत भरून घ्यायची सोय शास्त्रात नाही. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कॅलगरीचा बर्फ पडत होता, आणि त्यालाही या बाबतीत काही सुचत असावं असं दिसत नव्हतं.

दमयंतीबाई दर मार्गशीर्षात एखादा छोटा नेम धरत. एका वर्षी रात्री अळणी जेवल्या. एका वर्षी जेवताना मौन पाळलं. त्या नेमाचं शामकांतरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, फार कौतुक केलं होतं आणि तो पुढे चालू ठेवायला त्यांची काहीच हरकत नव्हती. या वर्षी मार्गशीर्ष जवळजवळ सगळा नगरला, माहेरी जाणार होता. म्हणून बाईंनी अयाचित धरलं. अयाचित म्हणजे न मागता जे पानात पडेल तेच खायचं. मीठ कमी असलं तरी मागायचं नाही, भात हवा असला तरी मागायचा नाही. हे व्रत परदेशात होत नाही, कारण तिथे वाढणारी आपणच असतो, आणि स्वतःच स्वतःला न मागता वाढण्यात कसलं आलंय व्रत? नगरला दादा होते, वहिनी होत्या, भाच्याची नवी बायको धनश्री होती. वाढणाऱ्या हातांना तोटा नव्हता.

फक्त एवढंच, की ज्या एका पदार्थासाठी त्या हिवाळ्याचं महाग तिकीट काढून निघाल्या होत्या, तो आता त्यांना मागता येणार नव्हता.

तो पदार्थ म्हणजे हुलग्याची शेंगोळी. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची-जिरं घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून बोटाएवढी कडी करायची आणि लसणाच्या उकळत्या रश्शात सोडायची. थंडीत वाटीभर खाल्ली की कानातून वाफ निघते. दिसायला अगदीच सामान्य. पाहुण्यांपुढे ठेवायची वस्तू नव्हे, आणि सगळी गोम तिथेच होती. कॅलगरीत बाईंनी ती करून पाहिली होती. पीठ मिळालं, पण पाण्यात सोडताच कड्यांनी अंग टाकलं आणि जे उरलं त्याला शामकांतरावांनी सूप म्हटलं. शामकांतराव मूळचे कोकणातले. त्यांच्याकडे हुलगे, त्यांच्या भाषेत कुळीथ, पिठल्यापुरते, एरवी बैलांचे. शेंगोळ्यांकडे ते बैलांच्या बाजूनेच बघत.

व्रताची पहिली परीक्षा विमानातच झाली. हवाई सुंदरीने हसून विचारलं, काय घेणार. आता हे सांगणं म्हणजे मागणंच. बाई हात जोडून गप्प बसल्या. त्या मुलीने पुन्हा विचारलं, मग मोठ्याने विचारलं, मग खुणा करून विचारलं, आणि शेवटी फार हळव्या चेहऱ्याने एक पाव आणि लोण्याची वडी ठेवून निघून गेली. पुढचा सगळा प्रवासभर ती शामकांतरावांकडे सहानुभूतीने बघत होती.

नगरला पोचल्यावर (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्यांवर तसं लिहिलंही आहे, पण बाईंची जीभ वळली की 'नगर'च म्हणते आणि मग त्या मनातल्या मनात अहिल्यादेवींची क्षमा मागतात) पहिल्याच संध्याकाळी देव पावला होता. धनश्री स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "आत्या, आईंनी हुलग्याचं पीठ दळून ठेवलंय. रात्री शेंगोळी करू का?"

न मागता. पहिल्याच दिवशी. साक्षात.

आणि दमयंतीबाईंच्या तोंडून निघालं, "नको गं, कशाला उगीच एवढा खटाटोप."

यात बाईंची काही चूक नव्हती. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पहिल्या विचारण्याला 'हो' म्हटलेलं नव्हतं. आधी 'नको' म्हणायचं, मग समोरच्याने 'असं कसं' म्हणायचं, मग आपण 'बरं, थोडंसंच' म्हणायचं. आग्रहाची ही पायरी-पायरी असते. पण धनश्री नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होती. तिथे नको म्हटलेला माल परत जातो आणि पुन्हा दाखवायला आणत नाहीत. ती समजूतदारपणे "बरं" म्हणाली आणि आत गेली. रात्री मऊ भात आणि पनीरची भाजी झाली. बाईंनी पानाकडे बघून हात जोडले.

"अगं, तू सांग ना तिला सरळ," शामकांतराव खोलीत कुजबुजले.

"सांगणं म्हणजे मागणं."

"मग मी सांगतो."

"तुम्ही मागितलं म्हणजे मीच मागितलं. आपण अर्धांग आहोत."

लग्नाला इतकी वर्षं होऊन आपण कुणाचं तरी अर्धांग आहोत हे शामकांतरावांच्या लक्षात आलं, ते असं अडचणीच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सविताताई भेटायला आल्या. सविताताईंचा परदेशातून आलेल्या माणसांच्या पोटाचा अभ्यास होता. त्यांच्या जावेचा मुलगा ऑस्ट्रेलियातून आला, त्याने स्टँडसमोर एक वडा खाल्ला आणि थेट सलाईनवर गेला, ही कथा त्यांनी वड्याच्या आकारासह सांगितली. बाहेरून आलेल्यांना तिखट, कडधान्य, लसूण आणि नळाचं पाणी या चार गोष्टी विष, असा निर्वाळा देऊन त्या चहा पिऊन गेल्या. वहिनींनी त्याच दुपारी हुलग्याच्या पिठाचा डबा फडताळात वर चढवला. बाईंनी डबा वर जाताना बघितला. म्हणण्यासारखं काहीच नव्हतं; म्हणजे होतं, पण व्रतात बसत नव्हतं.

मग शंकानिरसनासाठी त्या सावेडीतल्या देवळात गुरुजींकडे गेल्या. गुरुजी भले गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून एकेक निकाल दिला. पाणी मागितलेलं चालेल. औषध चालेल. नुसतं सुचवणं, उसासा टाकणं, "आमच्या लहानपणी थंडीत काय मजा असायची" असं म्हणणं, ही सगळी याचनाच. यजमानांनी पत्नीसाठी मागणं, तीही याचना. "आणि यजमानांनी स्वतःसाठी मागितलं तर?" शामकांतरावांनी मागून विचारलं. गुरुजींनी एक डोळा उघडला. स्वतःसाठी मागायला ते मोकळे आहेत, पण त्यांच्या पानातलं बाईंनी घ्यायचं नाही, ते उष्टं.

शामकांतराव त्या दिवसापासून विचारात पडले.

पुढचे दिवस त्यांनी योगायोग घडवण्यात घालवले. मागायचं नाही ना, मग जिथे आपोआप वाढलं जाईल तिथे जाऊन बसायचं, असा हिशेब. कोपरगावला बाईंची चुलतबहीण होती, गोदावरीकाठी ऊस, घरात सगळं जुनं वळण. तिथे थंडीत हुलगे असणारच. बहिणीने दोन दिवस आधीपासून तयारी केली होती. तिने मंचुरियन केलं होतं, नूडल्स केल्या होत्या, आणि पाहुण्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून काटे-चमचे विकत आणले होते. बाई नेमाप्रमाणे पानात पडेल ते जेवल्या. परतताना राहात्याजवळ रस्त्याच्या कडेला पेरूंचे ढीग दिसले आणि बाईंचा जीव कासावीस झाला. पण "पेरू द्या" म्हणणं हे मागणं, त्यामुळे त्यांनी नुसतं समोर बघितलं. शामकांतराव उतरले आणि स्वतःसाठी म्हणून पेरू घेऊन आले. कोकणच्या माणसाला पेरूतलं काय कळतंय? सगळे पिकून मऊ झालेले. त्यातला एक त्यांनी न मागता बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो खाल्ला. व्रतात चव नसते, पुण्य असतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग सिद्धटेकच्या गणपतीला जायचं ठरलं. गाडी भाचा ओम चालवत होता. धनश्रीला सुट्टी नव्हती, तिने चीज सँडविच करून चांदीच्या कागदात बांधून दिली होती. श्रीगोंद्याच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली रस्त्यावर आडवी झालेली. ट्रॅक्टरवाला तिच्याभोवती फिरत मोबाईलवर कुणाला तरी समजावत होता, आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. ओमने गाडी कडेच्या एका वस्तीपाशी सावलीत घेतली. खाली उतरल्या उतरल्या दमयंतीबाई जागच्या जागी थांबल्या.

वास येत होता. लसणाचा, हुलग्याचा, चुलीवरच्या उकळीचा. शामकांतरावांनाही आला, आणि कधी नव्हे ते त्यांचे डोळे आनंदाने चमकले.

वस्तीच्या मालकीणबाई, मालनबाई, पदर खोचत बाहेर आल्या. बाज टाकली, पाणी दिलं, कुठल्या, कुठं निघाल्या, विचारलं. इथपर्यंत सगळं गणपतीच्या मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात ओमला काय बुद्धी झाली कोण जाणे. आत्याचा अभिमान होता पोराला. तो म्हणाला, "आत्या कॅनडातून आल्यात."

मालनबाईंचा चेहराच बदलला. "आगं बाई, फारीनच्या व्हय! आन् घरात तर आज काय न्हाई. नुसती शेंगोळी हायेत चुलीवर. ती काय द्यायची पाव्हन्यांस्नी."

शामकांतरावांनी तोंड उघडलं. दमयंतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. शामकांतरावांनी तोंड मिटलं.

"आवं, तिखाट लई आस्तंय आमचं," मालनबाई त्या उघडून मिटलेल्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "पोटाला लागलं मंजी? परदेशातनं आलेलं मानूस, जोखीम न्हाई घ्यायची." आणि बाईंनी "नको, नको" म्हणायच्या आतच त्यांनी नवऱ्याला मोटारसायकलवर फाट्यावर पिटाळलं. तो नारिंगी रंगाच्या थंडगार बाटल्या आणि क्रीमची बिस्किटं घेऊन आला. बिचाऱ्या मालनबाईंनी पदराने बाटल्या पुसून हातात दिल्या. न मागता दिलेलं. नाकारायची सोय नव्हती. मार्गशीर्षातल्या वाऱ्यात, चुलीवरच्या शेंगोळ्यांकडे पाठ करून, दमयंतीबाई ते नारिंगी बर्फाचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. निघताना मालनबाईंनी ओटी भरली. गाडी सुटल्यावर बाईंनी मागे वळून बघितलं तर मालनबाई जेवायला बसत होत्या.

गणपतीचं दर्शन छान झालं. बाईंनी काही मागितलं नाही. सवयच राहिली नव्हती.

घसा मात्र धरला. दुसऱ्या दिवशी आवाज बसला, खोकला सुरू झाला, आणि सविताताई काढा घेऊन वर आल्या. "बघा, मी म्हणाले नव्हते?" असं त्या दारातूनच म्हणाल्या. तुम्ही उसाच्या ट्रॉलीबद्दल काही म्हणाला नव्हता, हे बाईंना सांगायचं होतं, पण आवाज नव्हता. पथ्य आणखी कडक झालं. खिचडी, तीही बिनफोडणीची. दादा संध्याकाळी येऊन बहिणीच्या पानाकडे बघत आणि आपल्या खोलीत जाऊन जेवत.

परतीचा दिवस जवळ आला. मुंबईची गाडी द्वादशीला सकाळी निघणार होती. दशमीच्या दुपारी बाई बॅग भरत होत्या. भरता भरता त्यांनी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कडधान्याकडे बराच वेळ बघितलं, मग एक साडी दोनदा घडी केली. आई गेल्यावरची ही पहिलीच थंडी होती माहेरची. शामकांतरावांनी ते बघितलं, उठले आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी," ते म्हणाले, "मला शेंगोळी खायची आहेत."

वहिनी चाट पडल्या. कोकणातला जावई, आजवर शेंगोळ्यांचं नाव काढलं की ज्याला काम आठवायचं, तो तोंडाने मागतोय. त्यांना इतका आनंद झाला की डबा फडताळातून खाली आला, होतं तेवढं सगळं पीठ परातीत पडलं, आणि रात्रीच्या जेवणाला पातेलंभर शेंगोळी झाली. शामकांतरावांचा होरा असा, की एकदा पातेलं पंगतीत आलं की वाढणारा हात आपोआप शेजारच्या पानाकडेही वळेल.

हात वळला नाही. बाईंच्या पानात धनश्रीने पांढऱ्या सॉसचा पास्ता वाढला. त्यांच्यासाठी खास, घशाला मऊ म्हणून, पाककृती बघून केलेला. "तुम्हाला शेंगोळी नकोत ना, आत्या," ती प्रेमाने म्हणाली.

आणि मग शामकांतरावांनी शेंगोळी खाल्ली. पहिली वाटी त्यांनी कर्तव्य म्हणून संपवली. कपाळावर घाम आला. वहिनी पुन्हा डाव घेऊन आल्या. ते नको म्हणाले, वहिनींनी वाढलं. ते हात आडवा धरून नको म्हणाले, वहिनींनी हाताच्या खालून वाढलं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि शेजारी पास्त्याचा एकेक तुकडा मोजल्यासारखा खाणारी पत्नी. तिच्याकडे बघायची त्यांची छाती होईना. दादा म्हणाले, आवडीने खातोय बिचारा, वाढ अजून. तिसऱ्या वेळी शामकांतरावांनी अक्षरशः हात जोडले.

"आई, ते नको म्हणतायत ना," धनश्रीला राहवेना.

"अगं, जावई नको म्हणाले की वाढायचंच असतं," वहिनी म्हणाल्या आणि पातेलं खरवडून शेवटचा डाव त्यांच्या वाटीत रिकामा केला. "पाहुण्याचं पहिलं नको कुणी धरतं का?"

धनश्रीचा घास हातातच राहिला. तिने सासूकडे बघितलं, मग रिकाम्या पातेल्याकडे, मग आत्यांकडे.

"मग आत्या पहिल्या दिवशी नको म्हणाल्या, ते?"

सगळे दमयंतीबाईंकडे बघू लागले. हो म्हणावं तर याचना, आणि नाही म्हणावं तर खोटं. मार्गशीर्षात दोन्ही वर्ज्य. बाईंनी खाली बघितलं आणि शास्त्राने मोकळी ठेवलेली एकच गोष्ट मागितली.

"पाणी दे गं जरा."

दुसऱ्या दिवशी एकादशी. बाईंचा निर्जळी उपास, घशासकट. धनश्री कामावरून उशिरा आली, पिशवी घेऊन तडक आत गेली. वहिनींना वाटलं, कारखान्यात काहीतरी झालं असेल.

द्वादशीला सकाळी पूजा आटोपून बाई पारण्याला बसल्या. बॅगा दारात, गाडी खाली येऊन उभी, ओम सामान उतरवत होता. सविताताई प्रवासासाठी गोळ्यांची पुडी घेऊन आल्या होत्या. पानात वरण-भात, लिंबाची फोड. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून धनश्री बाहेर आली. केसाला पीठ, गाऊनला पीठ, हातात वाफाळतं पातेलं. आत जे होतं त्याला शेंगोळी म्हणायला थोडा भाविकपणा लागला असता. काही अर्धी कडी होती, काही नुसते गोळे, बाकीची विरघळून रश्शात मिसळली होती. आयुष्यात पहिल्यांदा केलेली. कॅलगरीचंच सूप, फक्त वास खरा.

ती डाव घेऊन आत्यांपुढे वाकली. आणि दमयंतीबाईंच्या सात पिढ्या एकदम जाग्या झाल्या.

"नको गं, कशाला उगीच—"

शामकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

"आत्या, तुम्ही खुशाल नको म्हणा," धनश्री म्हणाली. "मी वाढणार आहे."

आणि तिने वाढलं. भाताच्या बाजूला वाटी काठोकाठ भरली.

"अगं अगं," वहिनी धावल्या, "द्वादशीचं पारणं, आणि लसूण?"

"आणि घसा?" सविताताई पुडी छातीशी धरून म्हणाल्या.

धनश्रीचा चेहरा उतरला. ती वाटी उचलायला वाकलीसुद्धा. पण दमयंतीबाईंनी वाटीवर हात ठेवला, घट्ट. घसा बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट फुटला.

"असू दे, वहिनी. न मागता पानात पडलं, ते आता परत करता येत नाही. माझा तसा नेम आहे." मग सविताताईंकडे वळून, मऊपणे, "गुरुजींना विचारून घेतलंय मी."

गुरुजींनी हे उलट बाजूने, म्हणजे मागायचं नाही एवढंच, सांगितलं होतं, पण नेम दोन्ही बाजूंनी पाळला तरच तो नेम.

बाईंनी चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला. मीठ जास्त होतं. मिरची तर अशी, की टाळूवरून सरळ डोळ्यांत गेली. कड्याचा तुकडा जिभेवर ठेवताच विरघळला, आईच्या हातची अशी कधी विरघळत नसत. बाई चावत राहिल्या. खाली गाडीवाल्याने भोंगा वाजवला तो कुणी मनावर घेतला नाही.

वाटी संपली. धनश्री पातेलं घेऊन तिथेच उभी होती.

"नको हं आता," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि धनश्रीने वाढलं. "पुरे, खरंच पुरे," म्हणाल्या, आणि तिने पुन्हा वाढलं. घामाने बाईंचं कुंकू ओघळलं होतं. शामकांतराव दाराच्या चौकटीला टेकून बघत होते, आणि आपल्याला कुणी वाढत नाही याचा त्यांच्या चेहऱ्यावर अतीव आनंद होता.

तिसऱ्या वेळी 'नको' म्हणताना मात्र बाईंनी वाटी डाव्या हाताने किंचित पुढे सरकवली. बोटभरच. ती याचना होते की नाही, हे गुरुजींना विचारायचं राहूनच गेलं.